खुंट्या कुठे होत्या

आयुष्यात मला एकाच माणसाचा सूड घ्यावासा वाटला, आणि तो मी घेतला. कार्ल्सरूहेतल्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये तो वरिष्ठ सहायक होता. उंच, देखणा, गोड बोलणारा. सगळे त्याला हेर डॉक्टर म्हणत; जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत. मीही तेच म्हणत असे, अगदी शेवटपर्यंत.

मी तिथे गेले ते पन्नासचं दशक संपता संपता. पुण्यात एम.एस्सी. झाले, स्कॉलरशिप मिळाली, आणि मातीच्या भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करायला बोटीने निघाले. आमची इन्स्टिट्यूट रस्त्यांखालच्या मातीवर काम करायची. थंडीत माती गोठते, फुगते, आणि वसंतात वितळली की वरचा रस्ता खचतो, हे जर्मनीला दर वर्षीचं दुखणं होतं. आमच्या प्रोफेसरांचं म्हणणं असं, की हे जिथे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर घडतं तिथेच जाऊन ते पाहावं. म्हणजे लॅपलँडमध्ये. तिथल्या टुंड्रात जमीन खाली कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो, कुठे वीतभर, कुठे हातभर, आणि हिवाळा आला की पुन्हा दगड होतो. तो थर दर उन्हाळ्यात किती खोलवर वितळतो हे त्याच त्याच जागी, वर्षानुवर्षं मोजायचं, अशी त्यांची योजना होती. युद्धात त्यांचा एक पाय अधू झाला होता, त्यामुळे मोहिमेची सूत्रं हेर डॉक्टरकडे होती.

पहिल्या उन्हाळ्यात माझी वर्णी लागली ती एका विद्यार्थ्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणून. "भारतातल्या बाईला तिथली थंडी झेपेल?" असं हेर डॉक्टरने प्रोफेसरांना माझ्यासमोरच विचारलं होतं. प्रोफेसर म्हणाले, "तिलाच विचारा ना." मी म्हटलं, झेपेल.

थंडीचं काही नव्हतं. डासांनी मात्र जीव नकोसा केला. टोपीला जाळी बांधून, रबरी बूट घालून आम्ही दिवसभर दलदलीत उभे असू. मोजायचं साधन अगदी साधं. टी-आकाराच्या मुठीची लांब पोलादी सळई, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा. ती जमिनीत दाबायची. वरची ओली माती तिला आत घेते, मग एका जागी ती थबकते. तिथे गोठलेली जमीन सुरू झाली. किती खोल गेली ते वाचायचं आणि पुढच्या खुंटीकडे जायचं. ऐकायला सोपं आहे. पण सळई दगडावर आपटली तरी थबकतेच. दगडावर ती किणकिणते, खरखरते. गोठलेल्या मातीत मात्र ठप्प असा बसका आवाज येतो आणि मनगटाला वेगळाच हिसका बसतो. हे कळायला मला आठवडा लागला. हेर डॉक्टरला कळलं की नाही ते मला माहीत नाही, कारण पहिल्या काही दिवसांनंतर त्याने सळई हातात धरलीच नाही. त्याची कंबर धरली होती. तो तलावावर गळ टाकून बसायचा आणि जेवताना आम्हाला आकडे विचारायचा.

मोजणीची चौकट मी आखली, तिच्या कोपऱ्यांवर आणि कडांवर खुंट्या ठोकायच्या होत्या. त्याने लाकडी खुंट्या आणल्या होत्या, वजनाला हलक्या म्हणून. मी त्याला म्हटलं, "हेर डॉक्टर, लाकडी खुंट्या हिवाळ्यात टिकायच्या नाहीत. माती गोठताना त्यांना वर ढकलून देईल. शिवाय इथे रेनडियरचे कळप फिरतात."

"काळजी करू नका," तो म्हणाला. "खुंट्या कशा ठोकायच्या ते मला ठाऊक आहे."

मी मूळची मालवणजवळची. आमच्याकडचे मासेमार समुद्रात मासळीची जागा शोधतात ती किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरातली खाच एका रेषेत आली की जाळं टाकायचं. वडील शाळामास्तर, पण मला लहानपणी होडीतून न्यायचे, आणि तो खेळ मला फार आवडायचा. तेच मी तिथे केलं. पहिल्या कोपऱ्यावर उभं राहिलं की तलावातलं बेट एका फुटक्या खडकामागे बरोबर झाकलं जायचं. एक पाऊल इकडेतिकडे झालं की बेटाचं टोक डोकवायचं. उरलेल्या कोपऱ्यांच्याही अशाच खुणा मी मनाशी धरल्या. कोणाला सांगितल्या नाहीत, कारण कोणी विचारल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात मला एक गोष्ट दिसली. सुक्या मॉसचा, म्हणजे शेवाळाचा, जाड थर जिथे होता तिथे जमीन जेमतेम वितळायची. मॉस गोधडीसारखा ऊन अडवायचा. शेजारीच, जिथे रेनडियरनी मॉस खाऊन, तुडवून जमीन उघडी केली होती, तिथे सळई दुप्पट खोल जायची. मी हे हेर डॉक्टरला जागेवर नेऊन दाखवलं. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "इंटरेसांट." एवढंच.

एकदा दोन दिवस पाऊस लागला. डब्यातलं मांस खाऊन सगळे कंटाळले होते, म्हणून मी माझ्या पिशवीतले तांदूळ-डाळ काढले आणि खिचडी टाकली. पाऊस थांबला तसे सगळे कामावर गेले होते, मग पातेलं घेऊन मीच तिकडे गेले. हेर डॉक्टर त्या दिवशी पहिल्या कोपऱ्यावर कॅमेरा घेऊन उभा होता. "थांबा, थांबा!" म्हणाला आणि त्याने माझा फोटो काढला. हातात पातेलं, डोक्याला जाळी. मी हसलेसुद्धा.

नोव्हेंबरात त्याचं स्लाइडसह व्याख्यान झालं. हॉल गच्च भरला होता. बाहेरच्या कंपन्यांतले इंजिनियर होते, इतर विभागांचे प्रोफेसर होते. माझ्या ओळखीचा एक नागपूरचा मुलगा इलेक्ट्रिकल शिकायला होता, मला ताई म्हणायचा, तोही आला होता. हेर डॉक्टरने मॉसची गोष्ट सांगितली. फार सुंदर सांगितली. "माझ्या लक्षात आलं की," असं म्हणून सांगितली. मी खुर्चीत ताठ बसले. मला वाटलं, आता म्हणेल, आता माझं नाव घेईल. तेवढ्यात पडद्यावर मी आले. पातेलं घेऊन.

"आणि या कठीण मोहिमेत आम्हाला जिवंत कोणी ठेवलं?" तो म्हणाला. "उन्झेरे इंडिशे क्योखिन!" आमची भारतीय स्वयंपाकीण.

सगळा हॉल हसला. वाईटपणाने नाही, अगदी प्रेमाने हसले लोक. काहींनी मागे वळून माझ्याकडे बघत टाळ्याही वाजवल्या. प्रोफेसरही हसले. नागपूरचा मुलगाही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि माझ्या चेहऱ्यावर, देवाशपथ, हसू होतं, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

परत जाताना तो मुलगा माझ्याबरोबर चालत होता.

"ताई, मनाला लावून घेऊ नका. सगळे हसले म्हणून मीही हसलो."

"तू कशाला हसलास ते मला कळलं."

"आपल्याला इथे दिवस काढायचेत. परका देश आहे. डोकं शांत ठेवा."

"शांतच आहे," मी म्हटलं. "मला रडू येत नाहीये, ओरडावंसंही वाटत नाहीये. माझं असं कधी होत नाही."

दुसऱ्या दिवशी मी हेर डॉक्टरच्या खोलीत गेले. म्हटलं, मॉसबद्दल मी सांगितलं होतं, शोधनिबंधात माझं नाव हवं. तो खरोखर चकित झाला. "फ्राउलाइन, मोहीम माझी आहे. मोहिमेत जे दिसतं ते मोहिमेचं असतं. आभारात तुमचा उल्लेख आहेच." त्याने मला छापायला निघालेलं पान दाखवलं. आभारात मी होते. शिबिराच्या व्यवस्थेबद्दल.

प्रोफेसरांकडे मी गेले नाही. जाऊन काय सांगणार? त्याचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं, त्याची बढती त्यांच्याच हातून व्हायची होती, आणि ते हसले होते. मी प्रयोगशाळेत परत गेले. तिथे आम्ही मातीचे ठोकळे गोठवायचो आणि वितळवायचो, आणि त्यांत रोवलेल्या लहान लहान काड्या दर खेपेला थोड्या वर येताना बघायचो. हिवाळाभर मी त्या काड्या बघत होते. प्रत्येक काडी वर आली की मला बरं वाटायचं.

वसंतात एकदा कॉरिडॉरमध्ये तो मला गाठून म्हणाला, "यंदा तुम्हाला नेता येणार नाही. बाईसाठी वेगळा तंबू लागतो, आणि सामान कमी करायचंय." त्याच्याबरोबर रेगेन्सबर्गचा एक डिप्लोमा करणारा विद्यार्थी जाणार होता, अबोल, कष्टाळू मुलगा. त्याचा प्रबंधच या मोजणीवर होता.

"ठीक आहे," मी म्हटलं.

तो जायला वळला आणि पुन्हा थांबला. "बरं, खुंट्या सापडतील ना? तुम्ही काही जास्तीच्या खुणा केल्या होत्या का?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. फुटका खडक, बेट, सगळं. अर्ध्या मिनिटाचं काम.

"मला काय माहीत, हेर डॉक्टर?" मी म्हटलं. "मी तर स्वयंपाक करत होते."

 तो मोठ्याने हसला. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेला. त्याला तो विनोद वाटला होता.

तो उन्हाळा मी कार्ल्सरूहेच्या उकाड्यात काढला, आणि इतका मजेत उन्हाळा मी जर्मनीत दुसरा काढला नाही. प्रयोगशाळा तळघरात होती. तिथे काम करता करता मी त्याला डोळ्यांसमोर आणायचे. तो दलदलीत फिरतोय, जाळीच्या आत डास शिरलेत, कंबर ठणकतेय, आणि एक खुंटी इथे आडवी, दुसरी तिथे, बाकीच्या कुठे गेल्या पत्ता नाही. देवाला नवस तेवढा बोलले नाही. घरमालकीण विचारायची, "आज एवढ्या खुशीत?" मी म्हणायचे, "हो, काम चांगलं चाललंय."

तो परत आला तो रापलेला आणि खुशीत. खुंट्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. थोड्याच दिवसांत इन्स्टिट्यूटमध्ये बोललं जाऊ लागलं, की यंदाचे आकडे थक्क करणारे आहेत, त्याच जागी जमीन गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी खोल वितळली आहे, हेर डॉक्टरला यातून मोठा सिद्धान्त मांडायचा आहे. मला एवढंच दिसत होतं, की उत्तरेतला तो उन्हाळा थंड गेल्याच्या बातम्या होत्या. थंड उन्हाळ्यात जमीन जास्त वितळत नाही. मग हा माणूस मोजत कुठे होता?

पुन्हा नोव्हेंबर, पुन्हा तोच हॉल. एरवी मी इन्स्टिट्यूटमध्ये स्कर्ट-स्वेटर घालायचे. त्या दिवशी ट्रंकेतून आईची नारायणपेठी काढली आणि नेसले. केस घट्ट बांधले. नागपूरच्या मुलाने मला दारात बघितलं आणि विचारलं, "ताई, आज काय आहे?"

"काही नाही. व्याख्यान आहे."

हेर डॉक्टर छान बोलला. मग त्याने चौकटीची स्लाइड लावली. "पहिल्या कोपऱ्यावरून काढलेलं हे दृश्य," तो म्हणाला. "गेल्या वर्षीचीच जागा." पडद्यावर तलाव होता, डाव्या बाजूला फुटका खडक होता, आणि खडकाच्या बाजूला, पाण्यात, ते बेट अख्खं दिसत होतं. झाडाझुडपांसकट.  फोटो काढताना तो खाली, तलावाकडच्या ओल्या उतारावर उभा होता. तिथे जमीन खोल वितळणारच.

मी प्रश्नोत्तरं सुरू होईपर्यंत थांबले. मग हात वर केला आणि उभी राहिले.

"हेर डॉक्टर, पहिल्या कोपऱ्यावरून ते बेट दिसत नाही. ते खडकामागे जातं. तुम्ही वेगळ्या जागी मोजलंत का?"

तो हसला. "फ्राउलाइनना आठवत नसेल. त्या दुसऱ्या कामात होत्या."

काही जण हसले. मला हेच हवं होतं.

"माझी आठवण सोडा," मी म्हटलं. "तुमच्याकडे गेल्या वर्षीची स्लाइड आहे. मी पातेलं घेऊन उभी आहे ती. तुम्ही ती पहिल्या कोपऱ्यावरून काढली होतीत. ती लावा."

तो म्हणाला, ती आज आणलेली नाही. स्लाइड लावणाऱ्या तंत्रज्ञाने निरागसपणे सांगितलं, "आहे ना, पेटीत गेल्या वर्षीच्या सगळ्या आहेत." प्रोफेसर म्हणाले, "लावा."

पडद्यावर मी आले. माझ्या मागे फुटका खडक, त्याच्या मागे पाणी. बेट नव्हतं. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. प्रोफेसरांनी दोन्ही स्लाइड आलटून पालटून लावायला सांगितल्या. बेट आहे, बेट नाही. बेट आहे, बेट नाही. मग त्यांनी दिवे लावायला सांगितले.

"हेर डॉक्टर, तुम्हाला जुन्या खुंट्या सापडल्या होत्या का?"

"काही सरकल्या होत्या. रेनडियर..."

"सापडल्या होत्या की नव्हत्या?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. वसंतातल्या त्या कॉरिडॉरची त्याला आठवण झाली, हे मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मी त्याच्या डोळ्यांवरून नजर हटवली नाही. एवढा आनंद मला डॉक्टरेट मिळाली तेव्हाही झाला नाही.

"नव्हत्या," तो म्हणाला.

जागा सापडली नाही असं त्याने परत येऊन सरळ सांगितलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. असं होतं. पण दोन वेगळ्या जागांचे आकडे एकाच जागेचे म्हणून मांडले, हे प्रोफेसरांनी पोटात घातलं नाही. नाताळच्या आत तो इन्स्टिट्यूट सोडून गेला.

रेगेन्सबर्गचा मुलगा मात्र माझ्याकडे आला. तो प्रयोगशाळेच्या दारातच उभा राहिला.

"तुम्हाला वसंतातच जागा माहीत होती?"

"हो."

"तो म्हणतो, त्याने तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतं. मी काय काम केलं होतं ते त्याने भर सभेत सांगितलं होतं, तेच मी त्याला सांगितलं."

"उन्हाळाभर सळई मी मारली," तो म्हणाला. "त्याने नाही. माझा प्रबंध गेला."

 मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात चल, मी तुला सगळे कोपरे दाखवते. तो निघून गेला. पण जूनमध्ये आला, कारण त्याला दुसरा मार्ग नव्हता. त्या मोहिमेत तो माझ्याशी फक्त आकडे बोलला. मी खडकापासून चालत गेले, बेट झाकलं जाईपर्यंत, आणि पायाखालचा मॉस हाताने उकरला. एका खुंटीचा मोडका बुंधा तिथे सापडला. त्याने वाकून तो पाहिला आणि सळई उचलली. त्याने फार चांगलं काम केलं. त्याचा प्रबंध झाला, माझाही झाला, आणि निबंधावर दोघांचीही नावं आली. त्याने मला शेवटपर्यंत माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही, कारण तसं पुन्हा घडलं असतं तर मी पुन्हा तसंच केलं असतं, आणि हे त्यालाही माहीत होतं.

हेर डॉक्टर मला पुढे एकदाच भेटला, साठच्या दशकाच्या मध्यावर, ड्युसेलडॉर्फला. मी एका परिषदेला गेले होते. दुपारच्या कॉफीच्या वेळी तो समोरून आला, अंगाने भरलेला, उत्तम सूट, बरोबर बायको. रस्ते बांधणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो आता वरच्या जागेवर होता. त्याने हात पुढे केला आणि बायकोला म्हणाला, "या त्या. यांच्यामुळे मी इन्स्टिट्यूट सोडली. आणि बघ, किती बरं झालं!" दोघं हसली. घर झालं होतं, गाडी झाली होती, तो खरोखर सुखी दिसत होता. मला भयंकर संताप आला. मी त्याला बुडवायला गेले होते आणि तो तरून वर आला होता, आणि वर माझे आभार मानत होता.

बायको कोणाशी तरी बोलायला बाजूला झाली. त्याने कॉफी ढवळली, आजूबाजूला पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "त्या जागेवर मग किती आलं? तिसऱ्या वर्षी? मॉसखाली, म्हणजे?"

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो आता हसत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तलावावर गळ टाकून बसणाऱ्या त्या माणसाला ते कधीकाळी किती हवं होतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"छापलंय," मी म्हटलं. "वाचा."

"आता वाचायला वेळ कुठे मिळतो?" तो म्हणाला. "सांगा ना."

तो आकडा मला पाठ होता. मी कप खाली ठेवला, त्याच्या बायकोला नमस्कार केला, आणि पुढच्या व्याख्यानाला जाऊन बसले.